टेकायची जागा

स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देणारा माणूस अजूनही बाजारात दिसतो. पातेलं मांडीवर आडवं घ्यायचं, हातातलं कोरायचं यंत्र चालू करायचं आणि त्या घरघरीत ‘सप्रेम भेट’पासून तारखेपर्यंत सगळं एका दमात उमटवायचं. पट्टी नाही, पेन्सिलीची रेघ नाही. पहिलं अक्षर जरा वर गेलं तर दुसरं त्याला सांभाळून घेतं. ओळ काठाकडे झुकायला लागली की डावा हात पातेलं तेवढंच फिरवतो. त्याचा डोळा हाताला सतत काहीतरी सांगत असतो, म्हणून त्याला पातेलं कशात आवळून बसवावं लागत नाही.

मी कोरकामाला वापरते त्या लेसरला डोळा नाही. यंत्राच्या बेडवर ठेवलेली लाकडी पाटी त्याला दिसत नाही, तिचा काठ कुठे संपतो ते कळत नाही. त्याला फक्त अंतरं ठाऊक असतात. कोपऱ्यातल्या शून्यापासून उजवीकडे इतके मिलिमीटर, आत इतके. तिथे पाटी सरळ असो, तिरकी असो किंवा मुळीच नसो, तो ठरल्या जागी जाऊन ठरलेली रेघ जाळणार. दारावरच्या पाट्या, सन्मानचिन्हं, पेनं, चावीचे बिल्ले हे माझं रोजचं काम. लोकांना वाटतं की या कामातली सगळी करामत त्या प्रकाशाची. माझा दिवस मात्र जातो तो वस्तू कशी बसवायची, कशाला टेकवायची, हे ठरवण्यात.

त्या प्रकाशाबद्दल मला आदर आहे, आणि थोडा अभिमानही. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं यांवर काम करणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा, आणि अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सरकारी महाविद्यालयातलं. त्यांच्या लेसरचा किरण साधारण १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. यंत्रावर जो लाल ठिपका नाचताना दिसतो तो वेगळा, नुसता जागा दाखवण्यापुरता. खरा किरण कुठे पडला ते जळाल्यावरच कळतं. लेन्समधून गोळा होऊन तो सुमारे एक दशांश मिलिमीटरच्या ठिपक्यात उतरतो. आपले सुतार सुतात मोजतात, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. त्या मापाशी तुलना केली तर ही बारीकी अफाट आहे. पण ती किरणाची आहे. हातानं अंदाजे ठेवलेली पाटी दोन मिलिमीटर सरकलेली असेल, तर नाव दोन मिलिमीटर सरकलेल्या जागी अत्यंत बारकाईनं कोरलं जातं, एवढंच.

म्हणून जिग, म्हणजे वस्तूला ठरल्या जागी धरणारा साचा. तीन मिलिमीटरचा एमडीएफचा तक्ता घ्यायचा, बेडवर चिकटपट्टीनं किंवा पिनांनी हलणार नाही असा पक्का करायचा, आणि पाटीच्या आकाराची खाच त्याच यंत्रानं, त्याच फाइलमधून कापायची. मग तक्ता न उचलता त्या खाचेत पाटी ठेवायची आणि कोरायचं. या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. समजा, यंत्राचे दोन रूळ एकमेकांशी तंतोतंत काटकोनात नाहीत, किंवा तक्ता बेडवर किंचित तिरका लागलाय. तरी बिघडत नाही. खाच ज्या शून्यापासून मोजून कापली, अक्षरंही त्याच शून्यापासून मोजून पडणार. यंत्रात जो वाकडेपणा असेल तो दोघांच्या वाट्याला सारखाच येतो, आणि एकमेकांशी त्यांचं नातं सरळच राहतं. तक्ता एकदा उचलला की मात्र हे नातं तुटलं. डोळ्यांनी पाहून ‘होता तिथेच’ परत ठेवलेला तक्ता होता तिथे कधीच नसतो.

आता खाच केवढी करायची? किरण कापताना स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातो, त्यामुळे आखली त्यापेक्षा खाच एक-दोन दशांश मिलिमीटरनं मोठीच येते. शिवाय वस्तू कधीच एकसारख्या नसतात. एकाच खोक्यातल्या पाट्या व्हर्नियरनं मोजल्या तर एखादी अर्ध्या मिलिमीटरनं रुंद निघते. सगळ्यांत मोठ्या पाटीला जागा द्यावी, तर लहान पाटी खाचेत खुळखुळते. लहान पाटीवर बेतावी, तर मोठी बसत नाही आणि कोणीतरी अंगठ्यानं दाबून ती बसवतो. दाबलेली वस्तू एका कडेला उचलली जाते किंवा तिरकी अडकते, आणि ती बसल्यासारखी दिसते म्हणून जास्त फसवते. आमच्याकडे एक निवृत्त फिटर येऊन बसतात. सगळं आयुष्य कारखान्यात गेलं. अशीच पाटी दाबताना पाहून ते एकदा म्हणाले, “ताई, जॉब दाबू नका. टेकवा. रोज त्याच कोपऱ्याला टेकवा.”

मी म्हटलं, “काका, पण मग दुसऱ्या बाजूला फट राहते ना?”

“राहू द्या की. फटीला काय करायचंय? तुमचं माप कोपऱ्यापासून आहे.”

घट्ट बसणं वेगळं आणि जागेवर बसणं वेगळं, हे त्या दोन वाक्यांत आलं. खाचेच्या चार भिंतींपैकी कामाच्या दोनच. बाकीच्या दोन वस्तूला पडू देत नाहीत, त्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. त्या दोन भिंतींशी मी आता लाकडाची एक लहान पाचर ठेवते. ती वस्तूला हलकेच कोपऱ्याकडे रेटून धरते, म्हणजे बसवणारा माणूस बदलला तरी टेकणं बदलत नाही.

टेकण्याचंही शास्त्र आहे, आणि ते मोठं सुंदर आहे. कुठल्याही घन वस्तूला हलायला सहा वाटा असतात, तीन दिशांना सरकण्याच्या आणि तीन आसांभोवती फिरण्याच्या. या सहा वाटा बंद करायला सहा बिंदू पुरतात. खालून तीन, लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक. कारखान्यांत हा तीन-दोन-एकचा नियम म्हणून शिकवतात. खालून तीनच का, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या पोळपाटाला विचारावं. त्याला तीन पाय असतात, म्हणून ओबडधोबड ओट्यावरही तो डुगडुगत नाही. चौथा पाय दिला असता तर एक पाय नेहमी अधांतरी राहिला असता, आणि लाटणं फिरेल तसा पोळपाट कलला असता. वस्तूला जास्त आधार दिले की ती जास्त पक्की होते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सातवा आधार आला की तो आधीच्या सहांपैकी कुणाशी तरी भांडतो, आणि कोण जिंकेल ते दर वेळी बदलतं.

लांब बाजूला दोन बिंदू, आणि तेही शक्य तितके लांब. हे का, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. पाटीच्या लांब बाजूला दोन टेकू एकमेकांपासून २० मिलिमीटरवर आहेत, आणि त्यातल्या एकापाशी ०.२ मिलिमीटरचा भुशाचा कण अडकला, असं धरू. पाटी अर्ध्या अंशाहून जास्त फिरते. तेच टेकू १०० मिलिमीटरवर असते, तर तोच कण तिला जेमतेम एक दशांश अंश फिरवू शकला असता. कण तेवढाच, नुकसान पाचपट कमी. आणि कण येणारच. लेसरच्या कामात धूर, काजळी आणि जळक्या भुशाची पूड यांना सुट्टी नसते. म्हणून ज्या कोपऱ्याला वस्तू टेकते तो नेमका कोपरा कापून मोकळा ठेवावा, तिथे एक छोटं गोल भोक पाडावं. पूड त्या भोकात पडते, पाटीचा धारदार किंवा गोलसर कोना कशालाच अडत नाही, आणि टेकायचं काम दोन सरळ भिंती करतात. इतकी साधी गोष्ट, पण मी पाहिलेल्या बहुतेक जिगमध्ये ती नसते.

सगळी मापं एकाच ठिकाणापासून घ्यायची ही कल्पना आपल्या काळातली नाही. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉल नावाचा माणूस १८२० च्या दशकात बंदुका बनवत होता. कुठल्याही बंदुकीचा कुठलाही भाग दुसरीला बसला पाहिजे, हे त्याचं वेड. एक भाग अनेक यंत्रांवर जातो, आणि प्रत्येक यंत्रावर तो वेगळ्या कडेनं धरला तर प्रत्येक वेळची बारीक चूक आधीच्या चुकीवर चढत जाते, हे त्यानं ओळखलं. त्यावर त्याचा उपाय असा की प्रत्येक भागावर एकच आधारबिंदू ठरवायचा, आणि पहिल्या यंत्रापासून शेवटच्या यंत्रापर्यंत तो भाग त्याच बिंदूवर टेकवायचा. दोन बाजूंनी कोरायचं सन्मानचिन्ह उलटताना मला हे रोज लागू पडतं. पुढची बाजू डाव्या कोपऱ्याला टेकवून कोरली आणि उलटल्यावर मागचीही डाव्याच कोपऱ्याला टेकवली, तर टेकणारी कडच बदलते, आणि सन्मानचिन्हाच्या रुंदीत जो फरक असेल तो सगळा मागच्या मजकुरात उतरतो. कोपरा जिगचा मोजायचा नसतो, वस्तूचा मोजायचा असतो.

एवढं कशाला, असं गिऱ्हाईक कधी कधी विचारतं. अर्धा मिलिमीटर कुणाला दिसतो? माझं उत्तर असं की जागेतला अर्धा मिलिमीटर बहुधा दिसत नाही, तिरकेपणा मात्र नक्की दिसतो. मोठ्या कोऱ्या पाटीवर नाव जरा डावीकडे गेलं तर ते फक्त पट्टी लावणाऱ्याला कळेल. पण दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत, हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज आहे. चांगल्या उजेडात, वाचायच्या अंतरावरून, शतांश मिलिमीटरच्या आसपासचा फरकही त्याला जाणवू शकतो. व्हर्नियरची पट्टी वाचता येते ती याच गुणावर. आणि आपल्या लिपीत तर ही परीक्षा आणखी कडक होते. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, ओळ कुठून जाते ते डोळ्यानं जुळवून घ्यायचं. देवनागरीत शिरोरेघ ती ओळ आखूनच देते. पाटीच्या वरच्या काठाखाली एक लांब सरळ रेघ पडली की काठ आणि रेघ यांच्यातली फट डावीकडे किती, उजवीकडे किती, हे न मोजता दिसतं. ६० मिलिमीटर लांबीच्या नावात एक अंशाचा तिरकेपणा म्हणजे शेवटच्या अक्षरापर्यंत एक मिलिमीटरहून जास्त घसरण. इंग्रजीत खपून गेलं असतं ते मराठीत दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला पहिल्या नजरेत खुपतं. म्हणूनच काठाला अगदी लागून चौकट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी समजावते की चौकट थोडी आत घेऊ या. जिग कितीही चांगला असला तरी चिंचोळी फट प्रत्येक चूक मोठी करून दाखवते.

उंचीचं दुखणं वेगळं. दोन इंची लेन्सचा किरण ५०.८ मिलिमीटरवर सगळ्यांत बारीक असतो, त्याच्या वर-खाली तो पसरतो आणि अक्षरांच्या कडा भुरकट होतात. सपाट पाटीला हे सोपं, पण पेनं गोल आणि त्यातून जाडीला कमी-जास्त. तिथे खाचेचा उपयोग नाही. दोन उभ्या पट्ट्यांना इंग्रजी व्ही-सारखे कोन कापून त्यांत पेन आडवं ठेवायचं. व्हीच्या दोन उतारांवर टेकलेली गोल वस्तू जाडजूड असो की सडपातळ, तिचा मध्य व्हीच्या बरोबर मधोमधच येतो. जाडीतला सगळा फरक उंचीत जातो. काटकोनी व्हीमध्ये त्रिज्या ०.२ मिलिमीटरनं वाढली तर पेनाचा माथा जवळपास अर्धा मिलिमीटर वर येतो, आणि वरवरच्या कोरकामात ही लेन्स तेवढं खपवून घेते. चूक नाहीशी होत नाही, ती जिथे कमी टोचेल तिथे पाठवली जाते. चांगल्या जिगमधली सगळी अक्कल बहुतेक वेळा हीच असते.

पेनाची आणखी एक गंमत म्हणजे त्याला खिशात अडकवायची क्लिप असते. नाव क्लिपच्या कुठल्या बाजूला यायचं हे ठरलेलं असलं, तरी शेकडा पेनं बसवताना एखादं उलटं जातंच. त्यावर ‘नीट लक्ष द्या’ असं सांगून भागत नाही. क्लिप ज्या बाजूला असायला हवी तिथेच तिच्यासाठी चीर ठेवायची, म्हणजे उलटं पेन व्हीमध्ये बसतच नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी या विचाराला पोका-योके हे नाव रूढ केलं. त्यामागची भूमिका मला मोलाची वाटते. माणूस दमतो, त्याचं लक्ष जातं, हे गृहीत धरून वस्तूच अशी घडवायची की चुकीला शिरायला जागा राहू नये. कामगारावर ओरडण्यापेक्षा चीर कापणं कितीतरी माणुसकीचं आहे.

काही यंत्रांना आता वरून कॅमेरा असतो. पडद्यावर वस्तू दिसते आणि तिच्यावर नाव ओढून ठेवता येतं. एकट्या-दुकट्या वस्तूला मीही तो वापरते. पण कॅमेरा एका ठिकाणाहून बघतो, त्यामुळे उंच वस्तूचा माथा त्याला खऱ्या जागेपेक्षा सरकलेला दिसतो. शंभर वस्तू असल्या की शंभरदा माउसनं जुळवायचं म्हणजे शंभर नवे निर्णय. जिगमध्ये निर्णय एकदाच होतो आणि शंभर वस्तूंना पुरतो.

खरा कस लागतो तो दुसरी प्रत नसलेल्या वस्तूला. एक बाई आपल्या आजीची सागवानी फणेरपेटी घेऊन आल्या. झाकणावर आजीचं नाव हवं होतं. पाट्यांच्या ढिगात एखादी बिघडली तर नवी घेता येते, इथे ते नाही. झाकणाला गुण्या लावला तर चारपैकी एकही कोन काटकोन नव्हता. लाकूड इतक्या वर्षांत हवं तसं आकसलं होतं. मग कुठल्या कडेला खरं मानायचं? बिजागरीची कड सगळ्यांत सरळ होती, यंत्राला तीच सोयीची. पण पेटीसमोर बसणाऱ्याला दिसते ती पुढची कड, आरसा उघडायला बोटं जातात ती. नाव तिच्याशी समांतर दिसलं पाहिजे. मी पुढची कड धरली, तिच्यावर दोन लांब टेकू घेतले, तिसरा डाव्या बाजूला, आणि बाकी झाकण जिगमध्ये मोकळं सोडलं. आधी पुठ्ठ्याचं झाकण कापून त्यावर कोरलं. मग खऱ्या झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून, किरणाची ताकद अगदी कमी ठेवून, फक्त पट्टीवर नाव उमटवलं. पेटी बाहेर न काढता बाईंना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, “थोडं खाली घ्या. इथे ती कुंकवाची डबी ठेवायची, तेव्हा नाव झाकलं जायला नको.” हे कुठल्याही मापात येणारं नव्हतं. फाइलमध्ये नाव आठ मिलिमीटर खाली घेतलं. जिगला हात लावावा लागला नाही. म्हणून तर तो केलेला असतो. वस्तूची जागा एकदा पक्की झाली की नावाच्या जागेबद्दल शांतपणे बोलता येतं, मन बदलता येतं.

दुसऱ्याच्या नावाला हात घालताना मला जबाबदारी वाटते. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं सन्मानचिन्ह काचेच्या कपाटात जन्मभर राहतं. त्यावरचं नाव तिरकं असलं तर त्या माणसाच्या सगळ्या नोकरीच्या शेवटी कुणीतरी घाई केली, असं ते रोज सांगत बसणार.

कापलेले जिग जपून ठेवावेत की टाकावेत, यावर आमच्या धंद्यात दोन मतं आहेत. अनेक जण भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवतात, आणि पुन्हा तीच ऑर्डर आली की काढतात. मी एमडीएफचे ठेवत नाही. एमडीएफ दमट हवा पितो आणि कडांना फुगतो. मे महिन्यात सैल वाटलेली खाच जुलैत पाटी धरून ठेवते, आणि मग पुन्हा तो अंगठ्यानं दाबण्याचा प्रकार सुरू होतो. तक्ता स्वस्त आहे. मी ठेवते ती फाइल. तिच्यात शून्य कुठल्या कोपऱ्यात आहे, वस्तू कुठल्या कडेनं टेकते, पाटीची जाडी किती आणि लेन्स किती उंचीवर होती, हे सगळं लिहून ठेवते. पावसाळ्यात ऑर्डर आली की नवा तक्ता लावायचा, खाच पुन्हा कापायची, पहिली पाटी टेकवायची आणि चिकटपट्टीवर एकदा पाहून घ्यायची. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि ती मी ऑर्डरच्या वेळेत आधीच धरून ठेवते.